आउटलेटला इनलेटपेक्षा जास्त मायक्रोप्लास्टिक येतंय? प्लांटला शिव्या घालायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेम असा की दर तीन-चार बॅचला आमच्या एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) आउटलेटमध्ये इनलेटपेक्षा जास्त मायक्रोप्लास्टिक (पाच मिलिमीटरहून बारीक प्लास्टिकचे कण आणि धागे) निघायचं. म्हणजे घाण पाणी आत येतं त्यात कमी आणि साफ करून सोडतो त्यात जास्त. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली, दुसऱ्यांदा वाटलं मोजताना चुकलं, तिसऱ्यांदा साहेबांनी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, "मॅडम, आपला प्लांट पाणी गाळतोय का सूत काततोय?" सगळे हसले, मीपण हसले, पण उत्तर कुणाकडंच नव्हतं. पुढं आठ-नऊ महिने यात गेले म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते, कुणाचे तरी तेवढे महिने वाचतील.

आमचा प्लांट यंत्रमागाच्या गावातला, पाणी घरगुती, एसबीआर टाक्या (एकाच टाकीत जिवाणूंकडून पाणी साफ करायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढायचं), त्यानंतर कापडाचा डिस्क फिल्टर, मग क्लोरीन आणि नदी. लॅब म्हणजे एक खोली, त्यात मी, एक हेल्पर आणि इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं जी प्रोजेक्टला यायची. मायक्रोप्लास्टिक मोजा म्हणून आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. एसटीपीसाठीच्या २०१७ च्या अधिसूचनेत बीओडी (सेंद्रिय घाण) आहे, टीएसएस (पाण्यातला तरंगता गाळ) आहे, कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) आहे, पण प्लास्टिकच्या कणांचा आकडा नाही. युरोपनं २०२४ च्या नव्या सांडपाणी निर्देशात ते तपासायला लावलंय, आपल्याकडं आज ना उद्या येईल म्हणून पोरांनी विषय घेतला आणि माझ्या गळ्यात पडला.

डोकं चक्रावायचं कारण म्हणजे ज्यांनी नीट मोजलंय त्यांचे आकडे बरोब्बर उलटे आहेत. ग्लासगोजवळच्या एका मोठ्या प्लांटवरचा अभ्यास २०१६ ला आला, त्यात लिटरला १५.७ कण आत येत होते आणि ०.२५ बाहेर जात होते, म्हणजे ९८.४१ टक्के अडकले (पाणीच इतकं की तरीही दिवसाला साडेसहा कोटी कण क्लाइड नदीत जात होते, ते वेगळं). फिनलंडच्या २०१७ च्या अभ्यासात एमबीआरनं (जिवाणूंची टाकी आणि बारीक पडद्याचा फिल्टर) ९९.९ टक्के काढले, वाळूच्या फिल्टरनं ९७, डीएएफनं (हवेच्या बुडबुड्यांनी घाण वर आणून काढणं) ९५, आणि डिस्क फिल्टरनं ४० पासून ९८.५ पर्यंत कुठंही. तो ४० वाचून मला जरा बरं वाटलं होतं, म्हटलं आपणच एकटे नाही. पण कमी काढणं वेगळं आणि आपल्याच पदरचं घालणं वेगळं.

तर आता आकडा उलटा आला की मी प्लांटकडं सगळ्यात शेवटी जाते. आधी ब्लँक बघते.

ब्लँक म्हणजे सॅम्पलच्या जागी नुसतं गाळलेलं डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि त्याचं सॅम्पलसारखंच सगळं करायचं, तीच बीकरं, तीच केमिकल्स, तेवढाच वेळ. आम्ही करत होतो की, पण पंधरा दिवसांतून एक, आणि तोही सकाळी लवकर लॅब रिकामी असताना, त्यात काही यायचं नाही आणि आम्ही खूश. मग एक दिवस मुद्दाम भर दुपारी सगळ्यांची ये-जा चालू असताना तीन ब्लँक लावले आणि फिल्टर पेपर मायक्रोस्कोपखाली घेतला तर निळे धागे. एकोणीस, चौदा आणि बावीस. नुसत्या पाण्यात! त्या दिवशीच्या आउटलेटमध्ये सगळे मिळून एकतीस होते.

धागा तसा बघायला छान असतो. चाळीस पटीत धरला की इकडून तिकडं एकाच जाडीचा, सगळीकडं सारखा निळा, पेशी नाहीत, फांद्या नाहीत, टोक कात्रीनं कापल्यासारखं. कापसाचा असेल तर तो असा दिसत नाही, चपट्या फितीला मध्येमध्ये पीळ पडावा तसा दिसतो. हे एकदा डोळ्यात बसलं की निम्मं काम होतं. आमच्या गावात हे बसावंच लागतं कारण हवेतच तूस आहे, खिडकी उघडी राहिली की टेबलावर बोट फिरवून सूत काढता येतं.

आता धागा कुणाचा हे शोधायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे सेलोटेप. प्रत्येकाच्या शर्टावर, ॲप्रनवर, खुर्चीच्या गादीवर, पुसायच्या फडक्यावर, एसीच्या जाळीवर टेपचा तुकडा दाबायचा, उचलायचा, काचपट्टीवर चिकटवून नाव लिहायचं. मग ब्लँकमधला धागा आणि ही पट्टी आलटूनपालटून बघायची. आमचा चोर दहा मिनिटांत सापडला. मी. माझा निळा ॲक्रिलिकचा स्वेटर, डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या गारठ्यात घालून यायचे आणि वरून टेरिकॉटचा ॲप्रन, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच. थंडीतल्या बॅचच जास्त का बिघडत होत्या तेही कळलं. सहा किलो ॲक्रिलिक कपडे मशीनला लावले तर एका धुण्यात सात लाखांवर धागे सुटतात असं प्लिमथ विद्यापीठानं २०१६ ला दाखवलं होतं, ते मी स्वतः पोरांना शिकवलं होतं, स्वेटर घालून.

उपाय काय केले तर मांजरपाट आणून ॲप्रन शिवले आणि राणी कलरमध्ये रंगवून घेतले. सुती असल्यामुळं प्लास्टिक गळत नाही आणि गळलाच धागा तर सॅम्पलमध्ये राणी कलरचा धागा फक्त आपलाच असणार. पंखा बंद, हे एप्रिलमध्ये सांगायला जीभ रेटत नाही पण गाळणी चालू असेपर्यंत बंदच. मावशींना म्हटलं केरसुणी नको, ओल्या फडक्यानं पुसा, आणि ते मायक्रोफायबरचं पिवळं फडकं नको, जुन्या सुती साडीचं घ्या. मावशी म्हणाल्या, "इतकी वर्षं झाडलं नाही म्हणून बोलायचा, आता झाडलं म्हणून बोलता." बरोबरच होतं त्यांचं. पिचकारीची प्लास्टिकची बाटली काढून काचेची आणली, पेरॉक्साइड, मिठाचं पाणी, ॲसिड सगळं वापरायच्या आधी गाळायला लागलो, बीकरवर ॲल्युमिनियम फॉइल. आणि काम चालू असताना शेजारी एक ओला फिल्टर पेपर पेट्री डिशमध्ये उघडा ठेवायचा, हवेतून काय पडतंय ते त्यावर दिसतं. आणखी एक, ग्लास फायबरचा फिल्टर पेपर स्वतःच कडेनं झडतो. सरळ, चकचकीत, बिनरंगी काड्या दिसल्या तर त्या काचेच्या असतात, सुईनं दाबल्या की कट्कन तुटतात. पोरांनी एका सॅम्पलमध्ये अशा काड्या "पारदर्शक फायबर" म्हणून मोजून ठेवल्या होत्या.

ब्लँक आता प्रत्येक बॅचला तीन. त्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याच्या) तिप्पट, याच्या खाली आकडा आला तर आम्ही "सापडलं नाही" लिहितो, ओढूनताणून आकडा देत नाही. आणि वजा करायचंच असेल तर रंग आणि आकार बघून करा. ब्लँकमध्ये निळे धागे आले म्हणून सॅम्पलमधले पांढरे तुकडे वजा करण्यात काय अर्थ आहे?

एवढं करून आकडा बराच खाली आला, पण अधूनमधून हिरवट-निळे जाडसर धागे यायचेच, आणि गंमत म्हणजे फक्त आउटलेटला. लॅबच्या ब्लँकला नाहीत. म्हणजे लॅबच्या बाहेरून येत होते. बघायला गेले तर आउटलेट चेंबर खोल, तिथं आमचे शिफ्टवाले दादा दोराला बादली बांधून सोडायचे, आणि इनलेटला पाणी वरच असल्यामुळं हातानंच मगा बुडवायचे. दोर म्हणजे आपण ज्याला नायलॉनचा दोर म्हणतो तो, खरा बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचा असतो, उन्हात दोन वर्षं पडून इतका कडक झालेला की हातात धरला तर तळव्याला कुसळं टोचायची. ती सगळी कुसळं बादलीत. आता स्टीलची बादली आणि स्टीलची साखळी. दादा म्हणतात जड होते, होते जड, पण हिरवे धागे गेले. तेव्हापासून साइटवरचा ब्लँकपण सुरू केला, गाळलेलं पाणी न्यायचं, तिथंच बादलीत फिरवायचं, बाटलीत भरून आणायचं. दोन महिन्यांपूर्वी केला असता तर दोर दोन महिने आधी सापडला असता.

इथपर्यंत आउटलेटचा आकडा उगीच फुगत होता ते झालं. खरी मेख मात्र इनलेटला होती, तिथं आकडा मार खात होता, आणि हे मला फार उशिरा सुचलं कारण कमी आकड्यावर कुणी संशय घेत नाही.

इनलेटचं पाणी म्हणजे माती, केस, तेल, कागद, सगळंच. एक लिटर गाळता गाळता फिल्टर तुंबतो म्हणून आम्ही ते ३०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून घ्यायचो. आउटलेट स्वच्छ म्हणून तिथं पन्नास लिटर आणि बारीक चाळणी. मग भागाकार करून दोन्ही लिटरवर आणायचे आणि शेजारी शेजारी लिहायचे. अरे, एकाची जाळी ३०० ची आणि दुसऱ्याची २० ची, तुलना कशी होणार? त्यात धागा लांबीला दोन मिलिमीटर असला तरी जाडीला दहा-वीस मायक्रॉनच असतो, उभा सापडला की ३०० च्या जाळीतून आरपार. आता दोन्हीकडं एकच चाळणी, तुंबली तर इनलेट तुकड्या-तुकड्यानं गाळतो, वेळ लागतो.

मग पचन. फेंटन म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं पाणी आणि ३० टक्के पेरॉक्साइड, याच्यानं सेंद्रिय घाण जळून जाते आणि प्लास्टिक राहतं. आउटलेटला एकदा केलं की पुरतं. इनलेटलाही आम्ही एकदाच करायचो आणि फिल्टरवर तपकिरी थर बसायचा, त्या थराखाली काय आहे ते कुणाला दिसणार. आता फेस यायचा थांबेपर्यंत दोन-तीन वेळा करतो. सांभाळून करा हां, इनलेटच्या सॅम्पलमध्ये पेरॉक्साइड एकदम ओतलं की दूध उतू जावं तसं सगळं बाहेर येतं आणि ते दूध नसतं. मोठं बीकर, थोडं थोडं ओतायचं, खाली बर्फाच्या पाण्याचं भांडं, गॉगल, आणि झाकण घट्ट लावायचं नाही. ७५ डिग्रीपर्यंत तापवायला सांगणाऱ्या पद्धती आहेत पण त्यात काही मऊ कण वितळून जातात, आम्ही ६० च्या वर जाऊ देत नाही. पीएच तीनच्या आसपास ठेवा, वर गेला की लोखंडाचा गंज बसतो आणि फिल्टर पेपर भगवा होतो, तसं झालंच तर पातळ सल्फ्युरिक ॲसिडनं धुवून निघतो. कागद आणि कापूस मात्र पेरॉक्साइडला दाद देत नाहीत, ते राहतात, त्यांना नजरेनं ओळखायचं.

हेही केलं तरी इनलेट कमीच. शेवटी पोरांपैकी एकीनं सुचवलं की मॅडम, आपण आपल्या हातानं प्लास्टिक टाकून बघू, परत किती मिळतंय. शिंप्याकडून लाल पॉलिएस्टरची रीळ आणली, ब्लेडनं मिलिमीटर-मिलिमीटरचे वीस तुकडे केले, इनलेटच्या सॅम्पलमध्ये टाकले आणि शेवटपर्यंत सगळी प्रोसेस केली. वीसपैकी सहा मिळाले. सहा! बाकीचे चौदा गेले कुठं म्हणून एक एक भांडं परत बघत बसलो तर ते मिठाच्या पाण्याच्या तळाशी, वाळूबरोबर, लालचुटुक, नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

भानगड अशी. इनलेटला वाळू असते म्हणून वाळू खाली आणि प्लास्टिक वर, असं वेगळं करायला आम्ही मिठाचं संपृक्त पाणी वापरायचो. त्याची घनता १.२. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन साध्या पाण्यावरच तरंगतं, पॉलिस्टायरीन १.०५, नायलॉन १.१५ च्या आसपास, हे सगळं मिठात वर येतं. पण पॉलिएस्टर म्हणजे पीईटी, १.३८, पीव्हीसीपण तेवढंच जड, ते मिठाच्या पाण्यात बुडतंच. आणि सांडपाण्यात सगळ्यात जास्त काय असतं तर कपड्यांचं पॉलिएस्टर! ते आम्ही दर बॅचला वाळूबरोबर फेकून देत होतो. आउटलेटला वाळू नाही म्हणून तिथं मिठाची पायरीच करत नव्हतो, त्यामुळं तिथलं सगळं पॉलिएस्टर मोजलं जायचं. इनलेटमधून पॉलिएस्टर गायब, आउटलेटमध्ये हजर. इतकी साधी गोष्ट.

आता झिंक क्लोराइड वापरतो, घनता १.५ ते १.६ ठेवून. त्याच लाल धाग्याचे वीसपैकी सतरा मिळाले. सोडियम आयोडाइडपण चालतं पण किंमत ऐकून साहेबांनी फाइल बंद केली. झिंक क्लोराइड हाताला आणि धातूला खातं, ग्लोव्हज घाला, गाळून परत परत वापरा आणि काही झालं तरी बेसिनमध्ये ओतू नका, लॅबचं बेसिन शेवटी आपल्याच इनलेटला जातं. आणि एकच पायरी दोन्ही सॅम्पलना, गरज असो नसो. लाल धाग्याची टेस्ट दर महिन्याला, तीसपस्तीस रुपयांच्या रिळीत वर्ष निघतं.

ओळखण्याबद्दल थोडक्यात. प्लास्टिकला चिकटून चमकणारा नाइल रेडचा रंग लावून निळ्या लाइटखाली बघायची फॅशन आहे, दिसतं झकास, पण इनलेटमधली न पचलेली चरबीही तशीच चमकते, त्यामुळं पचन नीट झालेलं नसेल तर त्या चमकण्यावर जाऊ नका. तापलेल्या सुईची टेस्ट स्वस्त, प्लास्टिक असेल तर टोक आक्रसतं नाहीतर वितळतं, कापूस नुसता काळा पडतो. थोडे धागे एफटीआयआरला (इन्फ्रारेड प्रकाशानं पदार्थ ओळखणारं मशीन) पाठवाच. त्याच्या आलेखात पीईटीचा पीक १७२० च्या आसपास ठसठशीत उठतो, कापसाला तिथं काही नसतं, त्याची ३३०० ला रुंद टेकडी असते. आमचे जे "निळे पॉलिएस्टर" म्हणून पाठवले त्यातले बरेच जीन्सचा कापूस निघाले. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्याचा धागा) आणि कापूस मात्र एफटीआयआरलाही जवळजवळ सारखेच दिसतात, त्यात वेळ घालवू नका, दोन्ही प्लास्टिक नाहीत.

एवढं सगळं झाल्यावर इनलेट जास्त, आउटलेट कमी, असं सरळ यायला लागलं. आणि मग, आत्ता कुठं, ज्या दिवशी आउटलेट वाढतं त्या दिवशी प्लांटकडं बोट दाखवायचा हक्क मिळाला.

पहिल्यांदा त्या दिवसाचा टीएसएस बघते. तो वाढला असेल तर धागेही वाढणारच, कारण धागे सुटे जात नाहीत, गाळाच्या फ्लॉकमध्ये (गोळ्यांमध्ये) गुंतून जातात. एसव्हीआय (गाळ किती फुगलाय त्याचा आकडा) दीडशेच्या वर गेला, गाळ फुगला, नीट बसेना, की डिकँट करताना (वरचं पाणी काढताना) गाळाबरोबर सगळं बाहेर. दुसरं म्हणजे साय. एसबीआरमध्ये वर तेलकट साय येते आणि हलकं प्लास्टिक, पिशव्यांचे तुकडे वगैरे, त्यात असतं, डिकँटरची सायीसाठीची पट्टी वाकली होती तर पहिल्या पाच मिनिटांत सगळी साय फिल्टरवर जायची. पट्टी सरळ केली, मेकॅनिकचं अर्ध्या दिवसाचं काम.

तिसरं लक्षात यायला वेळ लागला. फिल्टर साफ केल्यानंतर एक-दोन दिवस आउटलेटला पांढरे कुरळे धागे यायचे. सेलोटेप घेऊन थेट डिस्कवर गेले, दाबली, आणि तेच धागे. फिल्टरचं कापडच पॉलिएस्टरचं असतं, नाहीतर नायलॉनचं, लव असलेलं, जुनं झालं आणि त्यावर जोरात जेट मारला की लव सुटते. म्हणजे साहेबांचं ते सूत कातणं अगदीच खोटं नव्हतं! जेटचं प्रेशर कमी केलं, साफसफाईनंतरचं पहिलं पाणी परत इनलेटला फिरवतो. ज्यांच्याकडं एमबीबीआर आहे (टाकीत जिवाणू वाढायला प्लास्टिकचा मीडिया तरंगत असतो) त्यांनी त्या मीडियाचे तुकडे, ट्यूब सेटलरवाल्यांनी (गाळ बसवायच्या तिरक्या नळ्या) पीव्हीसीची कडा, हे तुलनेसाठी सेलोटेपच्या काचपट्ट्यांच्या डब्यात ठेवून द्या, उपयोगी पडतं.

चौथं उलट्या बाजूचं आहे. सेंट्रीफ्यूजचं (गाळ पिळायच्या मशीनचं) पाणी आणि बॅकवॉश (फिल्टर धुतलेलं पाणी) इनलेट चेंबरला परत येतं. आमचा सॅम्पल पॉइंट त्या लाइनच्या पुढं होता, त्यामुळं गाळ पिळायच्या दिवशी इनलेटचा आकडा भरमसाट आणि काढल्याची टक्केवारी एकदम भारी. ही चूक आपल्या फायद्याची असल्यामुळं कुणीच तक्रार करत नाही. पॉइंट लाइनच्या अलीकडं घ्या. आणि इनलेट-आउटलेट एकाच मिनिटाला भरू नका, आउटलेटचं पाणी काही तासांपूर्वी आत आलेलं असतं, सकाळी नऊ ते अकरा धुण्याचं पाणी येतं तेव्हा आकडा वेगळाच असतो, चोवीस तासांचं कंपोझिट (थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं सॅम्पल) बरं.

फिल्टरच्या आधी जार टेस्ट करून (बीकरमध्ये कमी-जास्त डोस टाकून बघून) थोडा पॅक (बारीक कण गोळा करणारं ॲल्युमिनियमचं रसायन) टाकायला लागलो, बारीक धागे गोळा होऊन अडकतात, फरक दिसतो. गाळ पिळताना त्याचे गोळे व्हावेत म्हणून घालतात ती पॉली (पॉलिमर) मात्र हात आखडता ठेवून घाला, जास्त झालेली पॉली परतीच्या पाण्यातून फिरून येते, कापडावर चिकट पापुद्रा धरते, मग जेटचं प्रेशर वाढवावं लागतं आणि परत लव सुटते, फिरून फिरून भोपळे चौकात.

आणि अडकलेलं प्लास्टिक जातं कुठं, तर गाळात. नाहीसं काही होत नाही. तो पिळलेला गाळ, म्हणजे केक, उन्हात वाळतो आणि आजूबाजूचे शेतकरी ट्रॉली घेऊन येतात, ऊसाला घालतात. परवा वाळलेल्या केकचा सुपारीएवढा खडा पाण्यात विरघळवून बघितला, पेरॉक्साइड नाही, झिंक नाही, काही नाही, तरी पहिल्याच नजरेत लाल, काळे, निळे, एक चंदेरी जरीचा. केकसाठी वेगळी पद्धत बसवतोय, पचन चार वेळा करावं लागतंय. फिल्टरचं कापड पुढच्या महिन्यात बदलायचंय, त्याच्या आधीची आठ सॅम्पल्स भरून ठेवलीत, नंतरची आठ घेतली की दोन्हीचे आकडे इथं टाकते.